आत्मा, अनात्मा आणि वैद्याचे सांत्वन

असाध्य रुग्णाच्या उशाशी बसून "आत्मा अमर आहे" असे वैद्य म्हणतो, तेव्हा शेगावची वारी करणाऱ्या कुटुंबाला धीर येतो. मेहकर-चिखलीकडील एखाद्या बौद्ध घरात मात्र हेच वाक्य ऐकून मंडळी संकोचाने गप्प राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. अशा घरात आत्म्याच्या प्रवासाची भाषा परकी ठरते. ही चूक आमच्याकडूनही घडली आहे.

याचे कारण आमच्या अध्ययनात आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पहिल्या अध्यायात अनात्मवादाचे खंडन येते : नित्य कर्ता नसेल, तर एकाच्या कर्माचे फळ दुसऱ्याला भोगावे लागेल. हा पूर्वपक्ष आम्ही परीक्षेपुरता पाठ केला. बौद्धांचे उत्तर वाचले नाही. मिलिंदप्रश्नात नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत देतो. ज्योत क्षणोक्षणी निराळी, तरी प्रवाह अखंड. नित्य आत्मा नाकारला, तरी कर्माची जबाबदारी सुटत नाही.

उपनिषदांतील आत्मा-ब्रह्मैक्य आणि बुद्धाचा अनात्म यांतील भेद खरा आहे. "शेवटी सर्व एकच" असे म्हणून तो पुसणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. परंतु चिकित्सेचे काय? चरकांच्या मते परम आत्मा निर्विकार आहे. चिकित्सा आहे ती पंचमहाभूते व चेतना यांच्या समुदायरूप पुरुषाची. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायातील स्वभावोपरमवाद सांगतो की, भावांच्या उत्पत्तीस कारण लागते, नाशास लागत नाही. हा विचार बौद्ध क्षणिकवादाच्या किती निकट आहे! वाग्भटांनीही अष्टांगहृदयाच्या आरंभी देवतेचे नाव न घेता, रागादी रोग हरणाऱ्या अपूर्व वैद्याला वंदन केले. तेथे कोणास बुद्ध दिसतो, कोणास ईश्वर. ग्रंथ मात्र दोघांचाही आहे.

विषारी बाण लागलेल्याने तो कोणी मारला हे कळेपर्यंत बाण काढू देऊ नये काय, असा बुद्धाचा दृष्टांत आहे. तो वैद्याइतका कोणास कळावा?

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना आणि औषधालयचालकांना आमची विनंती आहे : अंतसमयी आपले तत्त्वज्ञान रुग्णावर लादू नये. आधी घरच्यांना विचारावे, त्यांच्या श्रद्धेच्या भाषेत बोलावे; ती भाषा येत नसेल, तर हात हाती घेऊन शांत बसावे. वेदना कमी करणे हा आपला अधिकार. आत्म्याचा निर्णय ज्याचा त्याचा.