पाण्यावरची एक रात्र

गोंदिया शहराच्या उत्तरेस अगदी जवळ असलेले नागरा हे गाव लोकांस ठाऊक आहे ते तेथील पुरातन शिवमंदिरामुळे. त्या गावातील एखाद्या शिक्षकाने आपल्या सहा वर्षांच्या मुलीस घेऊन दिवाळीच्या सुटीत कयाक नावाच्या लहानशा वल्हवायच्या नावेतून तलावावर जावे, काठावर राहुटी ठोकून रात्र काढावी आणि सकाळी परतावे असा बेत केला, तर शेजारीपाजारी काय म्हणतील याची कल्पना करणे अवघड नाही. ‘पोरीला बुडवायला नेता काय?’ हा पहिला प्रश्न असेल. दुसरा प्रश्न बहुधा कोणी विचारणारच नाही. हा बेत नीट आखला आहे काय, हा तो प्रश्न. खरे महत्त्व त्यालाच आहे.

या प्रदेशास तलावांचा मुलूख म्हणतात. भंडारा आणि १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया या दोन जिल्ह्यांत कोहळी समाजाच्या जाणत्या पुरुषांनी पिढ्यानुपिढ्या तलाव बांधले. सात बहिणींच्या डोंगरांच्या कुशीतील नवेगावबांधचे नाव त्यांत अग्रभागी आहे. त्या पाण्यावर धीवर समाजाचे डोंगे फिरले, जाळी पडली, शिंगाड्याची लागवड झाली. ज्या भूमीत पाण्याचे इतके वैभव आहे, तेथील शाळकरी मुलांपैकी कितीजणांना पोहता येते? कोणत्याही वर्गात हात वर करावयास सांगितले तर उत्तर मिळेल, आणि ते अभिमानास्पद असण्याचा संभव कमीच. ‘तलावाकडे जाऊ नकोस’ एवढाच पाण्याविषयीचा धडा बहुसंख्य घरांतून दिला जातो. मूल मात्र तलावाकडे जातेच. ते चोरून जाते, एकटे जाते आणि काही न शिकता जाते.

ही भीती निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीस आलेल्या विद्यार्थ्यांची नाव उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका प्राणांस मुकल्या. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी धरणाच्या जलाशयात सायंकाळच्या वादळी वाऱ्याने प्रवासी नाव उलटून सहाजण बुडाले. त्यांत दोन बालके होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. अशी दुर्घटना घडली की चार दिवस बंदीचे हुकूम निघतात, चौकशी समित्या नेमल्या जातात आणि पाचव्या दिवशी सर्व पूर्ववत चालू होते. परंतु या घटनांचे नीट निदान केले, तर दोष केवळ पाण्याच्या माथी मारता येत नाही. गर्दी, वारा आणि जाकिटाचा अभाव यांचा विचार आधीच करता आला असता. बेत आखणे म्हणजे हा विचार किनाऱ्यावर असतानाच करणे होय.

कयाकचा इतिहासही या बाबतीत बोधप्रद आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या हिमप्रदेशातील लोकांनी कातडे ताणून केलेली ही अरुंद नाव एकट्या शिकाऱ्यासाठी होती. मुलाबाळांसह कुटुंब हलवावयाचे तेव्हा तेच लोक उमियाक नावाची मोठी, रुंद, उघडी नाव वापरीत. ज्यांनी कयाक निर्माण केली त्यांनीही लेकरास तीत सहसा बसविले नाही, याचा अर्थ उघड आहे. मूल बरोबर असेल तर नाव वेगवान नको, रुंद व स्थिर हवी. त्यात मुलास आपल्या डोळ्यांसमोर बसविता आले पाहिजे, आणि नाव उलटलीच तर कोणासही अडकून न पडता बाहेर पडता आले पाहिजे. मुलास नावेस बांधून ठेवणे हे प्रेम नव्हे, घात आहे.

यापुढचा विचार जाकिटाचा. मोठ्या माणसाचे जाकीट मुलास चढविणे म्हणजे स्वतःची फसवणूक करणे होय. जाकीट मुलाच्या वजनाचे असावे आणि त्याचा पट्टा दोन्ही पायांमधून घेतलेला असावा. खांद्यांशी धरून वर ओढले असता ते मुलाच्या कानांपर्यंत सरकत असेल तर ते निरुपयोगी समजावे. मोठ्यांनीही ते घातलेच पाहिजे. कारण बाप बुडाला तर तरंगणाऱ्या मुलास किनाऱ्यावर कोण आणणार? शिवाय नाव पाण्यात मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करण्याचा सराव कंबरभर पाण्यात आधी झालेला असावा.

स्थळाची निवड हाही हौसेचा विषय नाही. वैनगंगेसारख्या नदीत वरच्या धरणांतून पाणी सोडले की निरभ्र आकाशाखालीही पातळी चढते; म्हणून लहान मुलासह रात्र काढावयाची तर साठ्याचे स्थिर पाणी बरे. तेथेही शिंगाड्याचे वेल, कमळाचे देठ, पसरलेली जाळी आणि जुन्या झाडांचे बुडालेले बुंधे असतात. हे सर्व कोठे आहे ते नकाशात सापडत नाही. तेथे रोज डोंगा घालणाऱ्या धीवरास ते ठाऊक असते. त्यास विचारल्याशिवाय पाण्यात उतरणे हा सुशिक्षितपणाचा अहंकार होय. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ पासून अस्तित्वात आहे. त्या परिसरात वन खात्याच्या परवानगीवाचून मुक्काम करणे तर सर्वस्वी वर्ज्य मानले पाहिजे. सारसांचा जो थोडा वंश महाराष्ट्रात उरला आहे, तो मुख्यतः याच भागातील तलाव व धानशेतीच्या आश्रयाने. त्यांच्या घरट्यांपासून राहुटी दूर ठेवणे हाही मुलाच्या शिक्षणाचाच भाग आहे.

वारा दुपारनंतर वाढतो, म्हणून सकाळीच निघावे, काठ न सोडता तासाभराचे अंतर कापावे आणि ऊन उतरण्यापूर्वी मुक्काम गाठावा. गोंदियाची थंडी विदर्भात कडक म्हणून प्रसिद्ध आहे. ओल्या अंगाची उष्णता पाणी हवेच्या अनेक पटींनी वेगाने हिरावून घेते, आणि लहान शरीर तर फारच लवकर गारठते. म्हणून कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड घट्ट बांधलेल्या जलरोधक पिशवीत असावा. रात्री उघड्या जमिनीवर निजणाऱ्यास मण्यार चावली तर पुष्कळदा वेदनाही होत नाही. तेव्हा खालून बंद असलेली राहुटी किंवा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी ही चैन समजू नये. कोठे जाणार, कोणत्या काठावर राहणार, किती वाजता परतणार हे कागदावर लिहून तो घरी व तलावाकाठच्या गावात ठेवावा. कौस्तुभ खाडे यांनी कयाकने पश्चिम किनाऱ्याचा दीर्घ प्रवास केला, तेव्हा शांजली शाही सायकलवरून किनाऱ्याकिनाऱ्याने त्यांना साथ देत होत्या. साहसी म्हणविणाऱ्यांनाही किनाऱ्यावर कोणीतरी वाट पाहणारे लागते, मग मुलासह जाणाऱ्यास ते किती अधिक लागावे!

बुडालेल्यास बाहेर काढल्यावर उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची रीत अद्याप खेडोपाडी दिसते. तीत अमोल क्षण वाया जातात. श्वास थांबला असेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावयाचा, मग छाती दाबावयाची आणि त्याच वेळी १०८ वर मदत मागवावयाची, हे ज्यास करून पाहिलेले नाही त्याने हा बेत पुढे ढकलावा. तसेच पहिली रात्र अंगणात किंवा गच्चीवर राहुटीत काढून पाहावी. जे मूल अंगणातच घाबरून उठते, त्यास तलावाकाठी नेण्याची घाई कशासाठी?

एवढी यादी वाचल्यावर कोणी म्हणेल की ही चैन कारकून-शिक्षकांच्या आवाक्यातील नाही. नावेची खरेदी खरोखरच आवाक्यातील नसेल. पण डोंग्यातून, धीवराच्या सोबतीने, दोन तासांची फेरीही पुरेशी आहे. खरी अडचण पैशाची नसून सार्वजनिक सोयीची आहे. जेथे जेथे नौकाविहार चालतो तेथे मुलांच्या मापाची जाकिटे आणि नावेची क्षमता सांगणारा फलक असलाच पाहिजे. अंतर्देशीय जलयानांसाठी २०२१ साली नवा कायदा झाला, परंतु कायदा काठावर उभा राहून माणसे मोजीत नाही. ते काम स्थानिक संस्थांचे आहे. मच्छीमार सहकारी संस्थांतील अनुभवी धीवरांना मानधन देऊन गावच्या उथळ तलावात शाळकरी मुलांना पोहणे व स्वतःस सावरणे शिकविता येईल. शालेय वयातील मुलांस हे शिकवावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. यात मुलांचा जीव वाचेल आणि उपेक्षित ठरलेल्या एका विद्येस गुरुपद मिळेल.

बेतातील शेवटचे कलम सर्वांत कठीण आहे, आणि ते म्हणजे परत फिरण्याची तयारी. आकाश भरून आले, वारा सुटला किंवा मूल नुसते ‘नको’ म्हणाले, तर सामान बांधलेले असले तरी घरी परतावे. त्यात नामुष्की कसली? पाण्यास भिऊन दूर राहणारा आणि पाण्यास न जुमानता घुसणारा, दोघेही अडाणीच. पाण्याचा मान राखून त्याच्याजवळ जाणे हा तिसरा मार्ग आहे, आणि तो आईबापांचे बोट धरूनच शिकता येतो. नागऱ्याच्या त्या मुलीस तलावाच्या काठावर एक रात्र काढता आली तर चांगलेच. पण ‘आज वारा आहे, उद्या जाऊ’ असे म्हणणारा बाप तिला पाहावयास मिळाला, तर त्या सहलीचे निम्मे फळ घरबसल्याच पदरात पडले असे म्हणावयास हरकत नाही.