‘शाफ्टला वेल्डिंग मारून दे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी परत का पाठवतो

दसऱ्याच्या आसपास दुकानात एक मामा आले. ऊस वाहतुकीची गाडी आहे त्यांची. आल्या आल्या मोबाईल काढला आणि एक व्हिडिओ दाखवला. परदेशात चिखलाच्या मैदानात जुन्या गाड्या एकमेकांवर मुद्दाम आदळतात, शेवटपर्यंत जी चालू राहते ती जिंकली. डिमॉलिशन डर्बी म्हणतात त्याला. त्या पोरांनी कंपनीचाच प्रॉपेलर शाफ्ट घेऊन, ठिकठिकाणी वेल्डिंग मारून, क्रॉसच्या टोप्यासुद्धा टाके मारून पक्क्या केल्या होत्या. मामा म्हणाले, "आपला शाफ्ट असा करून दे. पैसे किती लागतील ते सांग."

तुमच्यापैकी जे गॅरेज किंवा स्पेअर पार्टचं दुकान टाकायच्या विचारात आहेत, त्यांनी इथे जरा थांबा. गिऱ्हाईक समोर उभं आहे, पैसे द्यायला तयार आहे, काम अर्ध्या तासाचं आहे. तुम्ही काय कराल?

मी नाही म्हणालो.

मामांचं दुखणं खोटं नव्हतं, हे आधी सांगतो. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात ऊस वाहणाऱ्या गाडीचे हाल डर्बीपेक्षा कमी नसतात. परतीच्या पावसानं काळं रान भिजलेलं, गाडी मोळ्यांनी ठासून भरलेली, मागची चाकं रुतलेली. ड्रायव्हर पहिला गिअर टाकतो, रेस वाढवतो आणि क्लच एकदम सोडतो. हिशेब करून बघा. समजा इंजिनचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे आणि पहिल्या गिअरचं प्रमाण ६ आहे. म्हणजे शाफ्टवर १५०० न्यूटन-मीटर येतोय. त्यात क्लच झटक्यात सोडला की फिरत्या फ्लायव्हीलचा दणका वरून वेगळा. चाक जागचं हलत नाही, इंजिन थांबत नाही, आणि दोघांच्या मधे पिळला जातो तो शाफ्ट. त्यातही मार खातो तो क्रॉस, कारण तो सगळा पीळ चार छोट्या खुंट्यांवर घेतो.

आणि गाडी उभी राहिली की नुसता शाफ्टचा खर्च नसतो. कारखान्याकडून उचल घेतलेली असते. टोळी फडात बसून राहते, मुकादमाचे फोन चालू होतात. तोडलेला ऊस तसाच पडला की वाळतो, वजन घटतं, उतारा कमी होतो. ऊस पाटसच्या भीमाला जावो, आलेगावच्या दौंड शुगरला जावो नाहीतर आणखी कुठं, गेटवर नंबर हुकला तर तो भरून येत नाही. म्हणून मामा घाबरलेले होते. घाबरलेलं गिऱ्हाईक काहीही विकत घेतं. तिथेच आपली परीक्षा असते.

आता डर्बीवाले जे करतात ते त्यांच्यासाठी बरोबरच आहे. त्यांना ग्रीसचं भोक नसलेला भरीव क्रॉस परवडतो, कारण भोक नसलं की तो क्रॉस जास्त ताकद घेतो. गाडीची चासी दुमडली की गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांच्यातलं अंतर कमी होतं, आणि साधा शाफ्ट गिअरबॉक्समध्ये घुसतो. म्हणून ते एकात एक सरकणाऱ्या चौकोनी पाइपांचा शाफ्ट करतात. शाफ्ट सुटला तर जमिनीवर पडू नये म्हणून भोवती लोखंडी कडी लावतात. पण ती गाडी एका संध्याकाळपुरती असते. वेग नाही, रस्ता नाही, मागून येणारा मोटारसायकलवाला नाही. उद्या ती भंगारात गेली तरी कुणाचं काही जात नाही.

आपली गाडी दिवाळीपासून होळीपर्यंत रोज चालायची असते. रानातून निघाली की तीच गाडी न्हावरे-चौफुला रस्त्यावर साठच्या वेगानं धावते. चाकाचा घेर अडीच मीटर धरा. साठच्या वेगाला गाडी मिनिटाला १००० मीटर जाते, म्हणजे चाकाचे ४०० फेरे झाले. डिफरन्शियलचं प्रमाण साडेचार धरलं तर शाफ्ट मिनिटाला १८०० फेरे मारतोय. या फिरकीवर पाच-पन्नास ग्रॅम वेल्डिंग एका बाजूला जास्त बसलं तरी शाफ्ट थरथरतो. ती थरथर आधी सेंटर बेअरिंगचं रबर खाते, मग गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग आणि ऑइल सील. कंपनी शाफ्टला छोट्या पट्ट्या चिकटवते ना, त्या शोभेच्या नसतात, बॅलन्सच्या असतात. ग्राइंडर मारताना त्या उडवणारे कारागीर मी डोळ्यांनी पाहिलेत.

टोप्यांना टाके मारण्याचं तर बोलूच नका. टोपीच्या आत सुईसारखी बारीक रोलर बेअरिंगं असतात, कडक केलेल्या पोलादाची. उष्णता लागली की ग्रीस जळतं, सील वितळतं, पोलादाचा कडकपणा जातो. बाहेरून टोपी एकदम पक्की दिसते आणि आतून क्रॉस त्याच दिवशी मेलेला असतो. शिवाय पुढच्या वेळी तो निघत नाही, योक कापावा लागतो.

हे मला इतकं ठाम कसं माहीत? कारण मी हे केलंय. दुकान टाकून दुसरंच वर्ष होतं, 'गिऱ्हाईक देव आहे' वगैरे डोक्यात होतं. बीबीएला शिकलेलं सगळं विसरलो, एवढं एक वाक्य तेवढं लक्षात राहिलं होतं. एकाला शाफ्ट वेल्ड करून दिला. महिन्याभरात त्याच्या शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर सुटलं. मागचं टोक सुटलं तर शाफ्ट फरफटत येतो. पुढचं सुटलं तर तो रस्त्यात रुततो आणि चालती गाडी त्याच्यावर उचलली जाते. नशीब की गाडी रिकामी होती आणि वेग कमी होता. ड्रायव्हरला खरचटलं, एवढंच. मालक दुकानात आला, एक शब्द बोलला नाही, तुटलेला योक काउंटरवर ठेवून गेला. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मग मामांना मी काय दिलं? त्यांना म्हटलं, "मामा, वेल्डिंग नको, गाडी खड्ड्यावर घ्या." शाफ्ट हातानं पिळून बघितला. समोरच्या क्रॉसला खेळ होता, आणि टोपीच्या कडेला तांबूस भुकटी आलेली. ही भुकटी दिसली की समजायचं, आत ग्रीस पोहोचत नाही, सुया कोरड्या चालताहेत. क्लच सोडताना 'टक्' आवाज यायचा का विचारलं, तर म्हणाले, "दोन महिने झाले येतोय." म्हणजे शाफ्ट कमजोर नव्हताच. तो उपाशी होता.

क्रॉस नवा टाकायचा तर ग्रीस निप्पलवालाच. आपल्याकडे धूळ आणि चिखल इतका असतो की भरीव क्रॉसची जास्तीची ताकद काही कामाची नाही. घाण बाहेर ढकलायला ताजं ग्रीस आत गेलंच पाहिजे. पंप मारताना चारही टोप्यांच्या सीलमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत थांबायचं. तीनमधून आलं आणि चौथीतून नाही आलं, तर ती चौथी टोपीच पुढे रडवते. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची खूण करायची, कारण सरकता जॉइंट एक दात जरी इकडे-तिकडे बसला तर दोन्ही योक एका रेषेत राहत नाहीत आणि नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते. फ्लँजचे बोल्ट कंपनीच्याच ग्रेडचे, नट नवे. डब्यातला 'बसतोय ना' बोल्ट इथे चालत नाही. आणि डर्बीवाल्यांची एक गोष्ट मात्र मी उचलली: पुढच्या टोकाभोवती कडी. चासीला, शाफ्टला नाही. ही कडी सगळ्यांनी लावावी असं माझं मत आहे.

मामांना हे सगळं पटलं का? अर्धं. त्यांनी क्रॉस बदलला, कडी लावून घेतली, आणि दुसरीकडे जाऊन पाइपवर एक वेल्डिंगची रिंग मारून आले. मला नंतर कळलं. आणि खरं सांगायचं तर त्यांची गाडी पूर्ण सीझन चालली. ते आजही मला सांगतात, "बघ, रिंगमुळे टिकली." मी वाद घालत नाही. पण मी ती रिंग मारून देणार नाही.

आता तुमच्या धंद्याचं. आपल्या भागातली बरीच दुकानं नोव्हेंबरमध्ये जागी होतात, गाड्या मोडल्यावर. तेव्हा क्रॉस मिळत नाही, कारागीर मिळत नाही, आणि गिऱ्हाईक चिडलेलं असतं. माझं म्हणणं, विकायची गोष्ट शाफ्ट नाही, तपासणी आहे. गणपती ते दसरा हा काळ धरा. गाडी खड्ड्यावर घेऊन शाफ्ट, क्रॉस, सेंटर बेअरिंग, बोल्ट बघायचे आणि त्याची वेगळी फी लावायची. फुकट तपासणी करू नका. फुकट बघितलं की गिऱ्हाइकाला वाटतं, हा पार्ट खपवायला बघतोय. फी घेतली की "तुमचा क्रॉस चांगला आहे, बदलू नका" हे तुम्ही मोकळेपणानं सांगू शकता. आणि ते वाक्य ऐकलेला माणूस दुसऱ्या दुकानात सहसा जात नाही.

एक वही ठेवा. गाडी नंबर, कधी ग्रीस मारलं, कोणता क्रॉस टाकला. काढलेला जुना क्रॉस गिऱ्हाइकाच्या हातात द्या, खुंटीवर सुयांनी पाडलेल्या रेघा नखानं चाचपायला लावा. सीझन चालू झाला की आठवड्याला एक फोन: "दादा, ग्रीस मारलं का?" माझ्याकडे हे काम दुकानातला पोरगा करतो, रविवारी सकाळी, ड्रायव्हर गाडी धूत असतात तेव्हा. मालकाला नाही, ड्रायव्हरला फोन करायचा. टक् आवाज त्यालाच ऐकू येतो.