२.२ गुणांचा विश्वचषक

बैठे खेळ : ‘प्यादे’

भिलाईच्या सिव्हिक सेंटरजवळ या आठवड्यात एक फ्लेक्स झळकला. टेबल सॉकर खेळणाऱ्या एका मुलाचा फोटो, शेजारी त्याच्यापेक्षा मोठ्या आकारात चार पुढाऱ्यांचे फोटो आणि खाली लाल अक्षरांत मुलाचा ‘रँकिंग’मधला क्रमांक. क्रमवारी कुठल्या संघटनेची, एकूण खेळाडू किती, एकेरी की दुहेरी, याचा पत्ता नाही. मुलाचा काही दोष नाही. त्याने दांडे नीट चालवले असणार, गोल केले असणार. (गरगर फिरवले नसावेत अशी आशा. अधिकृत नियमांत ते चालत नाही, हे मॉलमधल्या टेबलांना अजून कुणी सांगितलेले नाही.) दोष आहे तो क्रमांक दिसला की हारतुरे काढणाऱ्यांचा. गुण कसे मोजले हे आधी विचारावे आणि क्रमांक नंतर, हे या स्तंभाचे तुणतुणे जुन्या वाचकांना पाठ आहे. फ्लेक्स छापणाऱ्यांना नाही.

टेबल फुटबॉल हा मुळात एक खेळ नव्हे. दांड्यांच्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना आयटीएसएफ २००२ मध्ये निघाली. टिचकी मारून खेळायचा सबुटिओ हा दुसरा खेळ. त्याची संघटना एफआयएसटीएफ १९९२ ची, आणि त्याचा २०२४ चा विश्वचषक इंग्लंडमध्ये टनब्रिज वेल्सला, म्हणजे त्याच्या जन्मगावी झाला. दोन्हीकडे क्रमवारीचा पाया सारखाच: स्पर्धा केवढी मोठी आणि खेळाडू तिच्यात कुठवर पोहोचला. सबुटिओत सॅटेलाइट, इंटरनॅशनल ओपन, ग्रां प्री, मेजर अशा स्पर्धांच्या चढत्या पायऱ्या आहेत. दांड्यांच्या खेळात आणखी एक गोम म्हणजे टेबल. फ्रेंच बोन्झिनीवर गोलीच्या दांड्यावर एकच माणूस, अमेरिकी टोर्नॅडोवर तीन. एका टेबलावरचा वाघ दुसऱ्यावर शेळी होऊ शकतो, म्हणून बेल्जियमच्या फ्रेडेरिक कोलीन्योसारख्या, वेगवेगळ्या टेबलांवर जिंकणाऱ्या खेळाडूला त्या वर्तुळात वेगळाच मान.

अमेरिकेतल्या टेबल सॉकरवाल्यांनी मात्र बुद्धिबळाकडून उसनवारी केली. तिथे समोर कोण होता हे पाहून गुण वरखाली होतात आणि त्या गुणांवरून नवशिका, हौशी, तज्ज्ञ, व्यावसायिक असे गट पडतात. तिथली तक्रारही बघण्यासारखी आहे: काही जण वरच्या गटात जाऊ नये म्हणून मुद्दाम हरतात.

म्हणजे गुणांच्या जाती दोनच. एक साठवणीचे, दुसरे देवघेवीचे. साठवणीच्या गुणांत ‘कुठवर पोहोचलात’ हा प्रश्न. देवघेवीच्या गुणांत ‘कुणाला हरवलेत’ हा. बुद्धिबळातली देवघेव अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाची. बुद्धिबळाची जागतिक संघटना फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. टेबल टेनिसही कितीतरी वर्षे देवघेवीवरच चालले. जानेवारी २०१८ मध्ये त्या खेळाच्या संघटनेने ती मोडीत काढून साठवण आणली. का, तर प्रेक्षकाला समजायला सोपी. प्रेक्षकाच्या अकलेबद्दल संघटनांचा अंदाज नेहमीच कमी असतो.

यात खरा फरक काय पडतो ते दोन मुलींच्या दोन स्पर्धांवरून दिसते.

मे २०२४, जेद्दा, टेबल टेनिसची सौदी स्मॅश. मनिका बत्राने ३२ जणींच्या फेरीत जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या वांग मान्यूला हरवले. पहिला गेम गमावून पुढचे तिन्ही घेतले. त्या विजयाची चर्चा आठवडाभर चालली आणि ती रास्तच होती. पुढच्या फेरीत तिने जर्मनीच्या निना मिटेलहामला हरवले. मिटेलहाम तेव्हा जगात १४ वी. उपांत्यपूर्व फेरीत हिना हायाताने मनिकाला थांबवले. आता हिशेब बघा. स्मॅशच्या उपांत्यपूर्व फेरीला ३५० गुण, त्याआधीच्या १६ जणींच्या फेरीला १७५. म्हणजे मिटेलहामला हरवण्याची निव्वळ कमाई १७५. वांग मान्यूला हरवण्याची कमाई त्याहून कमी, कारण १६ जणींत पोहोचण्याचे एकूण गुणच १७५ आणि ३२ च्या फेरीत हरणारीलाही काही ना काही मिळतेच. जगातल्या दुसऱ्या क्रमांकापेक्षा चौदावा क्रमांक महाग ठरला! वांग मान्यू आजारी पडून मायदेशी परतली असती आणि तिच्या जागी कुणी पात्रताफेरीतली मुलगी समोर आली असती, तरी मनिकाच्या खात्यात तेवढेच गुण पडले असते.

त्या ३५० गुणांनी मनिका ३९ वरून २४ वर गेली. पहिल्या पंचविसात जाणारी पहिली भारतीय महिला. पण या गुणांना मोबाईलच्या रिचार्जसारखी बारा महिन्यांची मुदत असते. पुढच्या मे महिन्यात ते गेले. वांग मान्यूवरचा विजय मात्र कुणी रद्द केलेला नाही.

दुसरी स्पर्धा जुलै २०२५ मधली, बातुमीची. भिलाईहून गाडीत बसले की चार-पाच तासांत येणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती १९ वर्षांची होती आणि स्पर्धेत तिचे मानांकन १५ वे होते. वाटेत झू जिनर, हरिका, तान झोंगयी आणि शेवटी कोनेरू हम्पी. एकही ग्रँडमास्टर नॉर्म हातात नसताना ती थेट ग्रँडमास्टर झाली, कारण या स्पर्धेच्या विजेतीला किताब देण्याची नियमात तरतूद आहे. हे सारे वाचकांना माहीत आहे. माहीत नाही ते हे: अंतिम सामन्यातून तिला क्लासिकल रेटिंगचे किती गुण मिळाले?

गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. दिव्याचे रेटिंग तेव्हा २४६३, हम्पीचे २५४३. फरक ८०. एवढ्या फरकाला कमी रेटिंगच्या खेळाडूकडून डावामागे ०.३९ गुणांची अपेक्षा धरतात. २६ आणि २७ जुलैचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, म्हणजे डावामागे अर्धा गुण. अपेक्षेपेक्षा ०.११ जास्त. या पातळीवरच्या खेळाडूंना तो फरक दहाने गुणतात. डावाला १.१, दोन डावांचे २.२. तेवढेच हम्पीचे कमी. २८ तारखेला जो टायब्रेक जिंकून दिव्याने चषक उचलला तो जलद डावांचा. क्लासिकलच्या खात्यात त्याची नोंदच नाही.

विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे २.२ गुण. असला आकडा फ्लेक्सवर टाकायला कुणी धजावणार नाही. पण तो आकडा खोटे बोलत नाही: दोन डाव, थोडी वरचढ प्रतिस्पर्धी, दोन बरोबरी, एवढेच तो सांगतो. चषक चषकाच्या जागी, किताब किताबाच्या जागी, गुण गुणांच्या जागी. टेबल टेनिसने या तिन्हींची एकत्र खिचडी केली आणि वर तिला क्रमवारी म्हटले.

आता कुणी म्हणेल, साठवणीच्या गुणांनी निवड तरी सोपी होते. होते, आणि तिथेच घोळ होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानला टेबल टेनिसपटू ऐहिका मुखर्जीने जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाला हरवले. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या संघात ती राखीव राहिली. तिसरी जागा क्रमवारीत वर असलेल्या अर्चना कामतला मिळाली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी हीच अर्चना बाहेर आणि मुंबईची दिया चितळे आत, तेही दियाने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यावर. त्या प्रकरणावर इथे बरेच लिहून झाले आहे. पॅरिसमध्ये जर्मनीविरुद्ध भारत १-३ हरला आणि तो एकमेव सामना जिंकला अर्चनानेच. क्रमवारीचे भक्त तेव्हापासून हा दाखला पुढे करतात. एका सामन्यावरून पद्धत बरोबर ठरत असेल, तर मग बुसानचाही एक सामना होता.

साठवणीच्या गुणांचे या स्तंभाला सगळ्यांत खटकते ते त्यांचे प्रवासभाडे. मार्च २०२४ मध्ये टेबल टेनिसपटू साथियान बैरूतला गेला आणि तिथली फीडर स्पर्धा जिंकून जागतिक क्रमवारीत चाळीसहून अधिक पायऱ्या चढला. फीडरच्या विजेत्याला १२५ गुण असतात. अंतिम फेरीत त्याने हरवले कुणाला, तर सुरतच्या मानव ठक्करला. हेच दोघे राष्ट्रीय स्पर्धेत भेटले असते तर जागतिक गुण शून्य. चेन्नईच्या मुलाने सुरतच्या मुलाला लेबनॉनमध्ये हरवायचे, तेव्हा कुठे जगाला कळते.

साथियानचे भाडे कुणीतरी भरते. भिलाईतल्या सातवीतल्या मुलीचे कोण भरणार? देशाच्या रेल्वेचे रूळ या गावात तयार होतात, १३० मीटरचे आणि जोडून २६० मीटरचे. त्याच रुळांवरून हजार किलोमीटर गेल्याशिवाय या गावातल्या मुलाला गुण मिळत नाहीत. भारतातल्या टेबल टेनिसच्या मोठ्या डब्ल्यूटीटी स्पर्धा गोव्यात झाल्या, चेन्नईत झाल्या. बारा महिन्यांतल्या सर्वोत्तम आठ निकालांचे गुण धरतात, म्हणजे निदान आठ स्पर्धा तरी खेळायला हव्यात. ज्याच्या बापाला आठ वेळा रजा आणि आठ वेळा तिकीट परवडते, त्याचा क्रमांक वर. याला कुणी गुणवत्ता म्हणत असेल तर म्हणो बापडे.

बुद्धिबळात निदान एवढी तरी सोय आहे की रायपूरला एखादी रेटिंग स्पर्धा झाली आणि १५०० च्या मुलाने तिथे १७०० च्या काकांना हरवले, तर गुण तिथेच, त्याच टेबलावर मिळतात. अपेक्षा ०.२४, कमाई ०.७६, अठराच्या आतल्या मुलांसाठी गुणक ४०, म्हणजे ३०.४ गुण. रायपूरचा विजय आणि रेक्याविकचा विजय यांचा भाव एकच. सप्टेंबर २०२२ मध्ये रायपूरला मुख्यमंत्री चषकाची आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर स्पर्धा झाली होती, तेव्हा इथल्या मुलांना बाहेरचे तगडे खेळाडू घराजवळ मिळाले. अशा स्पर्धा दरवर्षी व्हायला हव्यात, पण ते तुणतुणे पुढच्या वेळी.

देवघेवही सोवळी नाही, हे मान्य करायला हवे. २०२२ मध्ये डिंग लिरेनला जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेसाठी डावांची संख्या कमी पडत होती. चीनने महिनाभरात घाईने पंचवीसहून अधिक डाव घडवून आणले आणि तो पात्र ठरला. पुढच्या वर्षी तोच जगज्जेता झाला, त्यामुळे कुणी फारसे बोलले नाही. २०२५ मध्ये हिकारू नाकामुरा कँडिडेट्सची ४० डावांची अट पुरी करायला लुईझियाना आणि आयोवातल्या लहान स्पर्धांत जाऊन बसला. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आणि समोर सुटीच्या दिवशी हौसेने खेळणारे लोक. तेव्हाच्या नियमाने ४०० हून जास्त फरकही ४०० च धरत, त्यामुळे प्रत्येक विजयाला ०.८ गुण नक्की. फिडेने ऑक्टोबर २०२५ पासून वरच्या खेळाडूंसाठी ती पळवाट बुजवली. मार्च २०२४ मध्ये तर फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांचे रेटिंग एका फटक्यात वाढवले. रात्री १५०० वर झोपलेला मुलगा सकाळी १७०० वर उठला. त्या आठवड्यात पेढे वाटणारे पालक या गावात होते.

फरक इतकाच की तिथे पळवाट दिसते, मोजता येते आणि बुजवता येते. साठवणीत पळवाट हाच राजमार्ग. इतका, की डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचा टेबल टेनिसमधला सुवर्णविजेता फान झेनडोंग आणि त्याच्यासोबत चेन मेंग थेट जागतिक क्रमवारीतूनच बाहेर पडले, कारण ठरावीक स्पर्धा न खेळल्याबद्दल दंड भरायची वेळ आली होती. ऑलिंपिकविजेता ज्या यादीत नाही, ती यादी कुणाची?

भिलाईच्या सेक्टरांतल्या क्लबांना आणि महाराष्ट्र मंडळातल्या कॅरमवाल्यांना म्हणून एक विनंती. कुठल्या संघटनेचे पत्र येण्याची वाट बघू नका. यंदाच्या हिवाळ्यात एक वही घाला. कॅरम असो की टेबल सॉकर, प्रत्येकाला १५०० गुण द्या. दोघे सारखे असतील तर अपेक्षा ०.५०, फरक १०० चा असेल तर कमजोराची ०.३६, २०० चा असेल तर ०.२४. निकालातून अपेक्षा वजा करा, २० ने गुणा, एकाच्या खात्यात मांडा आणि दुसऱ्याच्या खात्यातून तेवढेच कापा. संक्रांतीपर्यंत ज्या क्लबाच्या वहीत निदान शंभर सामने नोंदले जातील, त्याने यादी इकडे पाठवावी. ती या जागेत छापली जाईल, पुढाऱ्यांच्या फोटोंशिवाय.