पट्टा कुत्र्याला, शिस्त मालकाला

२०२५ सालच्या ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि देशात पाहता पाहता दोन तट पडले. अकरा दिवसांतच तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश सौम्य केला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, ती पिसाळलेली वा आक्रमक नसतील तर, मूळ जागी सोडावीत असे ठरले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटविण्याचा आदेश निघाला. श्वानप्रेमी आणि श्वानपीडित यांच्या या रणधुमाळीत एक प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. ज्या कुत्र्याला मालक आहे, घर आहे, गळ्यात पट्टा आहे, त्याच्या वर्तनाला जबाबदार कोण?

हा प्रश्न गौण नाही. मुंबई, ठाणे, पुणे येथील गृहनिर्माण संस्थांच्या सभांत वाहनतळ आणि पाणी यांच्या जोडीला कुत्रा हा आता भांडणाचा नेहमीचा विषय झाला आहे. उद्वाहनात अंगावर येणारा कुत्रा, घरात एकटा कोंडल्यामुळे दिवसभर भुंकणारा कुत्रा, जिन्यातील घाण, लहान मुलाला झालेला चावा, अशा तक्रारी सर्वत्र सारख्याच आहेत. संस्थेने बहुमताच्या जोरावर कुत्रा पाळण्यास बंदी घालावी, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तसे करता येत नाही. मालकाने या सूचना ढालीसारख्या पुढे कराव्यात, तर शेजाऱ्याच्या सुरक्षिततेची हमी त्याच्याकडून कोणी घ्यायची, याचे उत्तर मिळत नाही. परिणामी भांडण पोलिस चौकीपर्यंत जाते आणि कुत्रा होता तसाच राहतो.

सरकारला या बाबतीत सुचलेला उपाय बंदीचा होता. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींची आयात, पैदास व विक्री थांबविण्याचे पत्रक राज्यांना धाडले. संबंधितांशी पुरेसा विचारविनिमय न करता काढलेले हे पत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरविले. ब्रिटनने याच वाटेने १९९१ पासून प्रवास केला आहे. पिटबुल टेरियर व जपानी टोसा यांच्यावर तेव्हा निर्बंध आले; तरीही तीन दशकांनंतर 'एक्सएल बुली' हा नवा प्रकार यादीत घालण्याची पाळी त्या सरकारवर आली. बलदंड जातीचा चावा अधिक घातक असतो हे खरे; तेव्हा अशा जाती सदनिकेत हौसेखातर आणू नयेत, हेही खरे. तथापि कुत्रा चावतो तो केवळ जातीमुळे नव्हे. त्याचे बालपण, त्याची भीती आणि त्याला मिळालेली वागणूक यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

येथे शास्त्राने दिलेली माहिती लक्षात घेण्याजोगी आहे. स्कॉट व फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घ अभ्यासातून असे दिसले, की वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या सामाजिक घडणीचा असतो. या काळात माणसे, मुले, वाहने, आवाज आणि इतर प्राणी यांची ओळख सुखाने झाली, तर मोठेपणी ती त्याला शत्रू वाटत नाहीत. आपल्याकडे नेमके उलट घडते. आठ आठवड्यांच्या आत पिलू विकू नये असा २०१७ चा नियम असताना त्याहून कोवळी पिले आईपासून तोडून विकली जातात. पुढे लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिन्यांचे होईपर्यंत, त्याला घराबाहेर काढले जात नाही. रोगाची भीती रास्त आहे. परंतु पिलाला कडेवर घेऊन रस्ता दाखविता येतो, लस घेतलेल्या निरोगी कुत्र्याशी भेटविता येते, पाहुण्यांच्या हातून खाऊ देता येतो. हे न झाल्यास तेच पिलू वर्षभरात अनोळखी पावलांनी बिथरते, आणि मग त्याला 'तापट' ठरविले जाते.

दुसरा गैरसमज धाकाचा. कुत्र्यावर वचक ठेवण्यासाठी मालकाने 'टोळीचा म्होरक्या' बनावे, हा विचार बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांवर उभा राहिला होता. डेव्हिड मेक या लांडगातज्ज्ञानेच १९९९ साली दाखवून दिले, की रानातील टोळी म्हणजे बहुधा आईबाप व त्यांची पिले यांचे कुटुंब असते. तेथे सत्तास्पर्धेपेक्षा संगोपनच अधिक. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, भीती सोडत नाही. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना असते. ती दडपली, की उरतो तो सूचनेविना झालेला चावा. उलट योग्य कृती घडताक्षणीच दिलेला खाऊ किंवा शाबासकी, घरातील सर्वांनी वापरलेली एकच आज्ञा, आणि रोज दहा मिनिटांचा सराव यांतून सामान्य कुत्रा बसणे, थांबणे, हाक मारताच येणे सहज शिकतो. 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच' ही म्हण शेपटापुरती खरी असेल, स्वभावापुरती नाही.

धनगराचा कुत्रा कोणत्याही शाळेत जात नाही, तरी तो कळपात शहाण्यासारखा वागतो. कारण त्याला दिवसभर काम आहे, चाल आहे आणि धन्याची सोबत आहे. दोन खोल्यांत आठ-दहा तास एकट्या पडणाऱ्या कुत्र्याला यांतले काहीच लाभत नाही. त्यात बर्फाळ प्रदेशातील हस्की कोकणपट्टीच्या दमट उकाड्यात आणून ठेवला, की छळात भरच पडते.

आश्चर्य असे, की कायद्याला हे पूर्वीच उमगले होते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार, सदैव बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये! प्राण्यापासून इतरांस होणाऱ्या धोक्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. परंतु हे कलम आठवते ते चावा झाल्यानंतर.

तेव्हा गरज नव्या बंदीची नसून आधीच्या टप्प्यावर लक्ष देण्याची आहे. मुंबई, पुणे येथील महापालिका कुत्र्यासाठी परवाना देतात आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला मागतात. त्याच वेळी मालकाला चार-दोन तासांचे प्राथमिक शिक्षण देणे, पशुवैद्यकीय दवाखान्यांतून पिलांचे वर्ग चालविणे, कुत्रा टाकून देणाऱ्याचा परवान्यावरून माग काढणे, यांस फार मोठा खर्च येणार नाही. गृहनिर्माण संस्थांनीही बंदीचे ठराव करण्याऐवजी साखळी, स्वच्छता आणि फिरविण्याच्या वेळा यांविषयी सर्वांना मान्य होतील असे नियम करावेत. पाळलेला कुत्रा आवरेनासा झाला की त्याला दूरच्या रस्त्यावर सोडून देणारे महाभाग थोडे नाहीत. रस्त्यावरील कुत्र्यांसाठी न्यायालयाचे दार ठोठावणाऱ्या समाजाने, ती रस्त्यावर येतात त्यांतली काही आपल्याच दारातून, हेही ध्यानात घेतले पाहिजे.