आमच्या वादळाला नाव नसतं

मागच्या आठवड्यात आमच्या शहापुरात वारं सुटलं. अर्धा-पाऊण तासाचा खेळ. रात्रभर लाईन गेली, झाडं पडली, आणि आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या घरावरचे टिन उडून मागच्या सांदवाडीत जाऊन पडले. पुढच्या पडवीचे कवेलू फुटले ते वेगळेच. (अर्धे माकडांनी आधीच फोडले होते, ते सोडा.) घरात उन्हाळी धानाचे सहा कट्टे होते, सगळे भिजले.

पाऊस पुन्हा येणार हे दिसतच होतं. आम्ही चार-पाच जणांनी त्याच रात्री टिन उचलून आणले, ठोकले, वर ताडपत्री टाकून दगड ठेवले. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला साहेब आले. बाहेरूनच पाहून म्हणाले, "छत तर दिसून राहिलं."

काकू म्हणाल्या, "मंग का करू भाऊ? तुम्ही येईपर्यंत लेकरं भिजवत ठेवू का?"

साहेबांचा राग करून उपयोग नाही, निकषच तसा आहे. अंशतः पडझडीत किमान 15 टक्के नुकसान दिसलं तरच मदत. पक्क्या घराला 6,500 रुपये, कच्च्याला 4,000. आता मातीच्या घराचे 15 टक्के कसे मोजायचे? भिंती उभ्या असतात, पण वरून पाणी मुरलेलं असतं. ती भिंत आठ-दहा दिवसांनी बसते, तोवर पंचनामा होऊन कागद तहसीलला गेलेला असतो. आणि चार हजारात मजुरी धरून तीन-चार टिन येतात, बस.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा राज्य सरकारने अंशतः नुकसान झालेल्या पक्क्या घराची मदत 15 हजार आणि पूर्ण पडलेल्या घराची दीड लाख केली होती. कोकणच्या लोकांना मिळालं ते योग्यच मिळालं, त्याबद्दल कुरकुर नाही. म्हणजे मनात आलं तर राज्याला निकषाच्या वर देता येतं. पण निसर्ग, तौक्ते ही नाव असलेली वादळं. त्यांच्यामागे कॅमेरे येतात, मंत्री येतात. आमचं दरवर्षी मे-जूनमध्ये येणारं वारं कागदावर नुसतं 'अवकाळी' म्हणून जातं. उडालेला टिन मात्र दोन्हीकडे सारखाच कापतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. छत उडालं की 15 टक्क्यांची अट लावू नका. घरमालकाने त्याच दिवशी काढलेले मोबाईलचे फोटो पंचनाम्यात धरा. मातीच्या घराची पंधरा दिवसांनी दुसरी पाहणी करा.

सोमवारी तहसीलमध्ये अर्ज द्यायला जातोय. ज्यांचे टिन-कवेलू गेले त्यांनी फुटके तुकडे फेकू नका, एका कोपऱ्यात रचून ठेवा. फोटो असतील तर रविवारपर्यंत मला पाठवा, आणि सातबारा नको, घराचा नमुना 8 सोबत आणा.