तक्रार प्रयोगशाळेपर्यंत पोचली म्हणून

भोकरदन तालुक्यातल्या शेताशेतांत आज सौरपंपाची पॅनेलं दिसतात आणि ती बसवणारे, दुरुस्त करणारे हात आपल्या वाचकांचे आहेत. म्हणून या महिन्यात बेल लॅब्जविषयी.

अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीची ही प्रयोगशाळा १९२५ साली उभी राहिली. १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर तिथेच जन्मला. ग्वाल्हेरचे नरेंद्र करमरकर यांनी प्रचंड हिशेब झपाट्याने सोडवणारी आपली गाजलेली पद्धत १९८४ मध्ये मांडली तीही तिथेच. आपल्या धंद्याचं मूळ मात्र एका साध्या तक्रारीत आहे: उष्ण, दमट मुलखात टेलिफोनच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब व्हायच्या.

पर्याय शोधण्याचं काम १९५२ मध्ये डॅरिल चॅपिन या इंजिनिअरकडे आलं. त्यांचे सेलेनियमचे सेल उन्हाचा एक टक्काही विजेत उतरवेनात. त्याच संस्थेत जेराल्ड पिअरसन आणि रसायनतज्ज्ञ कॅल्विन फुलर सिलिकॉनवर वेगळ्याच कामासाठी प्रयोग करत होते. पिअरसन यांनी चॅपिनना सिलिकॉनकडे वळवलं. पहिल्या सेलमध्ये लिथियम वापरलं होतं. ते साध्या तापमानालाही आत झिरपत राही आणि पी-एन जोड पृष्ठभागापासून खोल सरके. फुलर यांनी आर्सेनिक मिसळलेल्या सिलिकॉनवर बोरॉनचा पातळ थर चढवला, तेव्हा जोड वरच्या वर टिकला. २५ एप्रिल १९५४ रोजी या सेलवर खेळण्यातला पाळणा फिरवून दाखवला गेला. क्षमता सुमारे सहा टक्के. पुढच्याच वर्षी जॉर्जियातल्या ग्रामीण टेलिफोन लाइनवर चाचणी झाली.

या तिघांच्या बुद्धीइतकंच श्रेय, आमच्या मते, ती तक्रार वरपर्यंत पोचवणाऱ्या व्यवस्थेचं आहे. आपल्याकडे कंट्रोलर जळाला की नवा बसतो, जुना खोक्यात जातो, आणि तो का जळाला हे कुठेच लिहिलं जात नाही. वीज पडली, अर्थिंग सैल होतं, उंदराने केबल कुरतडली की उन्हाने खोकं तापलं? कंपनीच्या संशोधकाला हे बंद खोलीत कळणार नाही. विहिरीच्या काठावर उभ्या फिटरलाच कळतं.

पुढच्या अंकापासून दोन पानं आपल्या नोंदींसाठी राखली आहेत. पंपाची एचपी, पॅनेलची जोडणी, बिघाडाची तारीख, त्या दिवशीचं हवामान आणि उघडलेल्या कंट्रोलरचा फोटो पाठवा. कारण सापडलं नसेल तरी पाठवा. एकाच जातीचे बिघाड जमले की ते आम्ही उत्पादकांच्या संशोधन विभागाकडे लेखी पाठवू आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं छापू.