वार्ताहर पोरांना आधी घरी बोलवा



गेल्या दशलक्षण पर्वात एक तरुण वार्ताहर आमच्या मंदिरात आला होता. कॉलेज नुकतंच संपलेलं, हातात मोबाईल, पाठीला सॅक. पाच मिनिटांत चार फोटो काढून गेला. दुसऱ्या दिवशी बातमीत आम्ही सगळे 'व्यापारी समाज' झालो होतो. आमचे हे पेपर वाचून हसले आणि रानात वैरण आणायला निघून गेले. वाळवा तालुक्यातली किती तरी जैन घरं पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं.

ती चूक हसण्यावारी गेली. पण काही वर्षांपूर्वीची एक गेली नव्हती. आमच्या नात्यातल्या एका आजींनी सल्लेखना घेतली होती. वय झालेलं, डॉक्टरांनी हात टेकलेले, घरच्यांची संमती, रोज पाठ चालू. बातमीचा मथळा आला, 'अन्नावाचून वृद्धेचा मृत्यू'. मग गल्लीत कुजबुज सुरू झाली, सुनेनं जेवायला घातलं नाही की काय? ज्या सुनेनं वर्षभर अंथरुणातलं सगळं केलं, तिला ते ऐकावं लागलं.

सल्लेखनेवर प्रश्न विचारूच नयेत, असं मी म्हणत नाही. 10 ऑगस्ट 2015 रोजी राजस्थान उच्च न्यायालयानं संथाऱ्याला आत्महत्या ठरवलं आणि 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे वाद खराच आहे. वार्ताहरानं कठीण प्रश्नही विचारावेत. पण सल्लेखना म्हणजे काय, कोर्टात काय झालं, घरातल्यांचं म्हणणं काय, एवढं तरी लिहिण्याआधी विचारावं.

आता मैत्रिणींनो, आपल्याकडेही बघू या. मार्च 2020 आठवतो? आपल्या इस्लामपुरात सौदी अरेबियातून परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांना 23 मार्चला कोरोना झाल्याचं कळलं. पुढं त्याच घरात आणि नातलगांत आकडा पंचवीसच्या आसपास गेला. आजारी पडलेली माणसं होती ती, आपल्याच गावची. पण त्याच दिवसांत दिल्लीच्या तबलिगींच्या बातम्या सुरू झाल्या आणि टीव्हीवर आजार राहिला बाजूला, धर्मच दिसायला लागला. मी स्वतः तसला एक मेसेज खरा-खोटा न बघता महिला मंडळाच्या ग्रुपवर पाठवला.

21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांनी केलेल्या प्रचारावरही ताशेरे ओढले. तो निकाल मात्र मी ग्रुपवर टाकला नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं गाद्या पिंजून द्यायला येणारे एक चाचा होते. पुढची दोन वर्षं आम्ही त्यांना बोलावलंच नाही. गाद्यांचा कापूस गोळा झाला, तरी नाही. आपल्याबद्दल एक शब्द चुकला तर आपल्याला किती लागतं! आणि त्यांच्याबद्दल छापून आलेलं मात्र आपण सहज खरं मानलं.

27 जानेवारी 2014 पासून जैनही राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण साधारण 14 लाख, म्हणजे शेकडा सव्वा. बहुतेक वार्ताहर आपल्या घरात कधी जेवलेले नसणार, मोहल्ल्यात किंवा बुद्धविहारात बसलेले नसणार. हा त्यांचा दोष नाही, पण न शिकवणं हा आपल्या सगळ्यांचा दोष आहे. सप्टेंबर 2023 मध्ये शेजारच्या सातारा जिल्ह्यात, पुसेसावळीत, मोबाईलवरच्या मजकुरावरून दंगल पेटली आणि एका तरुणाचा जीव गेला. अशा रात्री गावातला वार्ताहर खरं काय ते शांतपणे सांगू शकला, तर किती फरक पडेल!

1832 मध्ये 6 जानेवारीला 'दर्पण' निघालं, म्हणून त्या दिवशी गावोगावी पत्रकारांना शाल-श्रीफळ मिळतं. माझं म्हणणं, त्याच दिवशी नव्या पोरांसाठी एक कार्यशाळाही ठेवावी. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, तिथल्या शिक्षकांना बोलवावं. सकाळी जैन मंदिर, दुपारी मशीद, संध्याकाळी विहार. काही घडलेलं नसताना जायचं, म्हणजे काही घडल्यावर फोन कुणाला करायचा ते कळतं. पंच आणि मौलाना यांच्यावर न थांबता घरातल्या बायकांशीही बोलायचं. धर्माचा संबंध नसेल तिथं धर्म लिहायचा नाही. आजारी माणसाची गल्ली छापायची नाही. आणि चूक झाली तर ती जेवढ्या ठळक अक्षरांत छापली, तेवढ्याच ठळक अक्षरांत सुधारायची.

कुणी म्हणेल, अशानं पोरं समाजाची भाट होतील. मुळीच नको! आमच्या ट्रस्टचा हिशेब विचारा, पंचांच्या बैठकीत बायका किती ते विचारा. माहिती असलेला माणूसच नेमका प्रश्न विचारतो. फक्त मालकांनी त्याला तेवढा वेळ द्यावा. दिवाळी पुरवणीच्या जाहिराती गोळा करण्यात ज्याचा महिना जातो, तो मंदिरात पाच मिनिटंच थांबणार.

क्षमावाणीला आपण 'उत्तम क्षमा' म्हणतो, ते बहुतेक आपसातच. यंदा मी चाचांच्या घरी जाऊन आले. ग्रुपवर तो जुना निकालही टाकला, उशिरा का होईना. आणि त्या वार्ताहर पोराला फोन केला, "बाळा, बातमी नसली तरी ये. फक्त सूर्यास्ताच्या आधी ये, म्हणजे जेवायला बसता येईल."

'आधी का?' असं त्यानं विचारलं. मला बरं वाटलं.